तांबड्या रक्तपेशींतील इलेक्ट्रोलाइटांचे मापन

तांबड्या रक्तपेशींतील इलेक्ट्रोलाइटांचे मापन म्हणजे या पेशींच्या आतील सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम इत्यादींचे प्रमाण ठरवणारी प्रयोगशालेय तपासणी होय. रुग्णालयांतील नेहमीच्या तपासणीत केवळ रक्तरसातील प्रमाण कळते. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम मात्र पेशींच्या आत असते. त्यामुळे रक्तरसातील आकडा प्राकृत असूनही पेशींमध्ये तूट असू शकते.

पार्श्वभूमी

रक्तरसात दर लिटरमागे सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ मिलिमोल असते. तांबड्या पेशींत याच्या उलट पोटॅशियम सुमारे १०० आणि सोडियम १० मिलिमोलच्या आसपास असते. हा फरक पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंप राखतो. एटीपीचा एक रेणू खर्चून तो तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो. १९५७ मध्ये त्याचे कार्य उलगडणारे डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांना १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

गंभीर आजारांतील महत्त्व

गंभीर आजारात पंप मंदावल्यास पेशींत सोडियम साचते व पोटॅशियम घटते. मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये पेशींतून बाहेर पडलेले पोटॅशियम मूत्रावाटे जाते, तरी रक्तरसातील प्रमाण प्राकृत किंवा वाढलेले दिसू शकते. इन्सुलिन सुरू होताच पोटॅशियम पुन्हा पेशींत शिरते. रक्तरसातील प्रमाण झपाट्याने उतरून हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका संभवतो.

पद्धती

हेपॅरिनयुक्त रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करतात. सोडियम व पोटॅशियम मोजण्यासाठी त्या मॅग्नेशियम क्लोराइडाच्या थंड, समपरासारी द्रावणाने धुतात. मिठाच्या पाण्याने धुतल्यास त्यातील सोडियम मापनात मिसळते. नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने पेशी फोडून फ्लेम फोटोमीटरने प्रमाण मोजतात. नमुना रेंगाळल्यास पोटॅशियम पेशींबाहेर झिरपते व निष्कर्ष चुकतो.

नागपूर आणि सिकलसेल

विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराशी या विषयाचा निकटचा संबंध आहे. नागपूर परिसरातील या दोषाविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. या आजारात पेशींतून पोटॅशियम व त्यासोबत पाणी बाहेर जाते. पेशी आक्रसून हिमोग्लोबिन दाट होते आणि पेशी विळ्याच्या आकाराची होण्याची प्रवृत्ती वाढते.

मर्यादा

तांबडी पेशी रक्ताच्या नमुन्यातून सहज मिळते. मात्र तिला केंद्रक नसते आणि तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. तिच्यातील प्रमाणावरून हृदय वा स्नायूंच्या पेशींची स्थिती खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ही तपासणी मुख्यतः संशोधनात वापरली जाते. अतिदक्षता विभागातील दैनंदिन उपचार रक्तरसाची तपासणी, हृदयालेख व रुग्णाची लक्षणे यांवरच ठरतात.