सर्कशीचे घराणे

१२. सर्कशीतले कुटुंब : तिकीट काढून तंबूत शिरणाऱ्या कष्टकरी प्रेक्षकाने सर्कस जगवली. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुढे तेलिचेरीच्या कीलेरी कुन्हीकन्नन यांच्या तालमीमुळे कसरतपटूंचा ओघ केरळातून सुरू झाला. धंदा मात्र नात्यागोत्यातूनच वाहत राहिला. पुण्याचे दामू धोत्रे (जन्म १९०२) लहानपणीच मामा तुकाराम गणपत शेलार यांच्या सर्कशीत शिरले आणि अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोहोचले.

अलीकडचे उदाहरण पुण्याच्या रॅम्बो सर्कशीचे. पी. टी. दिलीप यांनी ती १९९१ मध्ये सुरू केली. आता मुलगा सुजित दिलीप ती चालवतात. या दोन पिढ्यांमध्येच सारे पालटले. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांच्या खेळांवर १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने मुलांना कामाला ठेवणेही थांबवले. दोन्ही निर्णय न्याय्यच होते. पण तंबूत जन्मून तिथेच शिकणाऱ्या पिढीची साखळी त्यामुळे तुटली. २०२० च्या टाळेबंदीत रॅम्बोचा तंबू ऐरोलीत अडकला, तेव्हा कलावंतांनी खेळ चित्रित करून ऑनलाइन तिकिटावर दाखवला. गावाजवळ तंबू लागला, तर वाचकांनी मुलांना घेऊन जरूर जावे.