हॉइल, सर फ्रेड

(२४ जून १९१५ – २० ऑगस्ट २००१). ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ व विज्ञानकथाकार. जन्म यॉर्कशरमध्ये बिंग्लीजवळच्या गिल्स्टेड येथे. शिक्षण केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात. दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम करताना हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांच्याशी त्यांची मैत्री जमली. १९४८ साली या तिघांनी स्थिर स्थिती विश्वाची कल्पना मांडली. विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने त्याची घनता कायम राहते आणि त्याला आरंभ नसतो, असे तिचे सार. विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला, या विरोधी सिद्धांताला 'बिग बँग' हे नाव १९४९ च्या बीबीसीवरील भाषणात हॉइल यांनीच दिले. १९६५ मध्ये महास्फोटाचा अवशेष मानल्या जाणाऱ्या सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुतेक शास्त्रज्ञांनी हा सिद्धांत स्वीकारला. हॉइल यांनी अखेरपर्यंत नाही.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम ताऱ्यांच्या पोटातले आहे. हेलियमच्या तीन अणुकेंद्रांपासून कार्बन बनतो, हे मांडले गेले होते. पण त्या हिशेबाने कार्बन फारच थोडा तयार व्हायला हवा. हॉइल यांनी विचार उलट्या टोकाकडून केला. कार्बन विपुल आहे, आपल्या शरीरातही तो आहे. तेव्हा ही घडण वेगाने होण्यासाठी कार्बनच्या अणुकेंद्राला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलटेकमध्ये त्यांनी हा आग्रह धरला, प्रयोग झाला आणि ती अवस्था सापडली. तर्काच्या बळावर अणुकेंद्राचा गुणधर्म आधी सांगण्याची अशी उदाहरणे विज्ञानात विरळाच. मूलद्रव्ये ताऱ्यांत कशी घडतात याचा सविस्तर लेख त्यांनी मार्गारेट व जेफ्री बर्बिज आणि विल्यम फाउलर यांच्यासह १९५७ साली प्रसिद्ध केला. या विषयातील कामासाठी १९८३ चे नोबेल फाउलर यांना मिळाले, हॉइल यांना नाही. हा अन्यायच होता.

त्याच १९५७ साली त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी आली. सूर्याला झाकून टाकणारा वायुमेघ सजीव व बुद्धिमान निघतो, आणि ग्रहासारख्या जागी विचार करणारे प्राणी असू शकतात याचेच त्याला नवल वाटते. निरीक्षणे, गणिते, शास्त्रज्ञांचे वाद आणि राज्यकर्त्यांशी उडणारे खटके यांतून कथानक पुढे सरकते. शास्त्रज्ञ विचार कसा करतो हे इतक्या जिवंतपणे फार थोड्या कादंबऱ्यांत उतरले आहे. पुढे जॉन एलियट यांच्यासह 'ए फॉर अँड्रोमेडा' (१९६१) ही दूरचित्रवाणी मालिका आणि मुलगा जेफ्री यांच्यासह अनेक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्या पहिलीइतक्या कसदार नाहीत.

जयंत नारळीकर हे त्यांचे विद्यार्थी. दोघांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. हॉइल यांनी केंब्रिजमध्ये उभारलेल्या सैद्धांतिक खगोलशास्त्र संस्थेतही नारळीकर होते. पुढे स्वतःही विज्ञानकथा लिहिणाऱ्या नारळीकरांसमोर विज्ञानकथाकार शास्त्रज्ञाचे उदाहरण असे घरचेच होते.

१९७२ मध्ये हॉइल यांना 'सर' हा किताब मिळाला. त्याच वर्षी प्रशासनाशी मतभेद होऊन त्यांनी केंब्रिज सोडले. चंद्रा विक्रमसिंघे यांच्यासह त्यांनी मांडलेले, जीवसृष्टी आणि साथीचे रोगही अंतराळातून येतात हे मत वैज्ञानिकांनी मान्य केले नाही. इन्फ्लुएंझा अंतराळातून येतो हा त्यांचा दावा तर पुराव्यावर टिकणारा नव्हता. हॉइल प्रथमच वाचणाऱ्याने 'द ब्लॅक क्लाउड'पासून सुरुवात करावी.