गोंधळाच्या चौकातून रंगमंचावर

आपल्याकडे पुष्कळ घरांतून लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात. धान्याचा चौक, त्यावर कलश, शेजारी जळती दिवटी. संबळ वाजू लागले की पेंगुळलेली पोरेसुद्धा उठून बसतात. आधी तुळजापूर, कोल्हापूर, माहूर अशा ठिकाणच्या दैवतांना बोलावणे होते, मग आख्यान. नायक कथा लावतो आणि त्याचा साथीदार मधेच वेडगळ प्रश्न विचारून हसवतो. पाहा बरे, नाटक नाटक म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

सांगलीला 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, ते रामायणातले. पण गोंधळ्यांच्या तोंडी जे महाभारत आहे त्यात व्यासांना ठाऊक नसलेल्या गोष्टी आहेत. जांभळाचीच घ्या ना. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येते, हा सहावा असता तर! कृष्ण हे ताडतो. वनात एक जांभूळ तुटते, आणि ते पुन्हा देठाला लागायचे तर प्रत्येकाने मनातले खरे बोलायचे. पांडव बोलतात तसतसे फळ वर चढते, द्रौपदीपाशी अडते. अखेर ती कर्णाचे नाव घेते. सांगणारा बदलला की तपशील बदलतो, पण ही कबुली राहते. एका पतिव्रतेच्या मनाची एवढी समजूत पोथीवाल्यांनी दाखवली नाही, असे मला तरी वाटते.

हे 'जांभूळ आख्यान' शहरातल्या रंगमंचावर गाजवले ते शाहीर विठ्ठल उमप (1931–2010) यांनी. ते जन्माने गोंधळी नव्हते. आंबेडकरी चळवळीतले शाहीर. रात्रभराची कथा दोन-अडीच तासांत बसवायची, नवस नाही, कुळाचार नाही, समोर तिकीट काढून बसलेली माणसे! तरी संबळ राहिले. आणि द्रौपदीसाठी नटी आणली नाही. शाहिरांनी नजर खाली घातली, आवाज हळुवार केला, की द्रौपदी उभी राही. गोंधळी चौकात हेच करतो. पडदे आणि दागिने चढवले असते, तर त्यातली गोंधळकला तेवढी निघून गेली असती.

मात्र टाळ्या पडल्या रंगमंचावर. गावचा गोंधळी जिथल्या तिथे राहिला. पुण्याच्या रा. चिं. ढेरे यांनी 1964 साली 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' या ग्रंथात अशा लोकांची दखल घेतली, ती पुस्तकात राहिली.

गुरुजी, आपल्या गावचा नायक जांभळाची कथा लावत असेल, तर त्याची द्रौपदी कोणत्या शब्दांत कबूल होते, ते त्याला विचारून वहीत उतरून घ्या. खाली त्याचे नाव घालायला विसरू नका.