चिनीविरोधी चळवळ, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मुख्यत्वे पॅसिफिक किनाऱ्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी स्थलांतरितांविरुद्ध झालेले राजकीय व कामगार आंदोलन. त्याची परिणती १८८२ च्या चिनी प्रवेशबंदी अधिनियमात झाली आणि ही बंदी १९४३ पर्यंत टिकली. मजुरी, बेकारी व मक्तेदारी यांविषयीची खरी गाऱ्हाणी या चळवळीच्या मुळाशी होती. तथापि तिचे अनेक पुढारी व अनुयायी स्वतःच यूरोपातून आलेले स्थलांतरित होते. संघटना, संप व निषेध यांचा जो हक्क ते स्वतःसाठी मागत होते, तो चिनी मजुरांना लागू आहे असे त्यांनी मानले नाही. या दुहेरी मापदंडामुळे अमेरिकेतील निषेध-चळवळींच्या इतिहासात या आंदोलनास विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर जगाच्या सर्व भागांतून तेथे लोकांचा ओघ सुरू झाला, त्यांत दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातील मजुरांचा भरणा मोठा होता. १८५० मध्ये परदेशी खाणकामगारांवर कर बसविण्यात आला. १८५२ मध्ये तो नव्या स्वरूपात आल्यावर त्याचा भार प्रामुख्याने चिनी लोकांवर पडला. १८५४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष ग्राह्य नाही, असा निर्णय दिला. १७९० च्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या व्यक्तीस नागरिकत्व मिळण्यासाठी ती ‘गोरी’ असणे आवश्यक होते. १८७० मध्ये ही सवलत आफ्रिकी वंशाच्या लोकांना देण्यात आली. मात्र ‘गोरा’ ही अटच काढून टाकावी, ही सेनेटर चार्ल्स सम्नर यांची सूचना फेटाळली गेली. आयरिश मजूर काही वर्षांत मतदार होत असे. चिनी मजुरास तो मार्ग कायमचा बंद होता. राजकीय पक्षांच्या हिशेबात त्यामुळे एकाचे गाऱ्हाणे वजनदार ठरले व दुसऱ्याचे बिनमोलाचे.

चिनी मजूर आज्ञाधारक असून कमी मजुरीवर मुकाट्याने राबतात, असा त्यांच्यावरील मुख्य आरोप होता. त्याला काही आधार होता : १८७० मध्ये मॅसॅचूसेट्समधील नॉर्थ ॲडम्स येथे जोड्यांच्या कारखान्यातील संप मोडण्यासाठी मालकाने ७५ चिनी मजूर आणले होते. परंतु जून १८६७ मध्ये सिएरा नेव्हाडा पर्वतात सेंट्रल पॅसिफिक लोहमार्गावरील हजारो चिनी मजुरांनी वाढीव मजुरी व कमी तास यांसाठी शिस्तबद्ध संप केला होता. कंपनीने त्यांचा अन्नपुरवठा तोडला व सुमारे आठवड्याभरात संप मोडला. संघटित होण्याची इच्छा व कुवत चिनी मजुरांत होती. गोऱ्या कामगारसंघांचे दरवाजे मात्र त्यांना बंद होते.

चळवळीचा विकास : १८७३ नंतरच्या मंदीत कॅलिफोर्नियात बेकारी वाढली. जुलै १८७७ मध्ये पूर्वेकडील रेल्वे-संपास पाठिंबा देण्यासाठी सॅन फ्रॅन्सिस्को येथे भरलेल्या सभेनंतर जमावाने चिनी वस्तीवर व धुलाई-दुकानांवर हल्ले केले. त्याच वर्षी डेनिस कीअर्नी याने कॅलिफोर्नियाचा वर्किंगमेन्स पक्ष उभा केला. रेल्वेमालक व भांडवलदार यांच्यावर तो कडाडून टीका करीत असे; त्याची घोषणा मात्र ‘चिन्यांनी गेलेच पाहिजे’ अशी होती. कीअर्नी स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात आयरिश कॅथलिकांची चर्चे जाळण्यात आली होती आणि १८५० नंतरच्या दशकात स्थलांतरविरोधी ‘नो-नथिंग’ चळवळीने त्यांना अमेरिकी समाजात न मिसळणारे ठरविले होते. तेच आक्षेप पुढे आयरिश पुढाऱ्यांनी चिनी लोकांवर घेतले. १८७९ च्या कॅलिफोर्नियाच्या संविधानात, मंडळ-कंपन्यांनी चिनी माणसांना कामावर ठेवू नये, असे कलम घालण्यात या पक्षास यश आले. पुढील वर्षी संघीय न्यायालयाने ते अवैध ठरविले.

संघटित कामगारांतही हीच वृत्ती दिसते. आपला माल गोऱ्या कामगारांनी बनविला आहे हे दर्शविणारी चिठ्ठी सॅन फ्रॅन्सिस्कोच्या सिगार-कामगारांनी वापरात आणली. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स लंडनमध्ये जन्मलेला ज्यू स्थलांतरित होता. तोही प्रवेशबंदीचा पुरस्कर्ता होता. विरोधी मत मांडणारे थोडे होते. पूर्वी गुलाम असलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी १८६९ मध्ये बॉस्टन येथील भाषणात चिनी लोकांच्या स्थलांतराचा व नागरिकत्वाचा हक्क मान्य केला. याउलट न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी १८९६ च्या प्लेसी खटल्यातील भिन्नमतपत्रात कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांची बाजू घेतली, तरी त्याच पत्रात चिनी वंशास वेगळे काढले.

कायदा व हिंसाचार : १८८० मध्ये सु. ५ कोटी लोकसंख्येच्या या देशात चिनी लोक सु. १,०५,००० होते. तरीही ६ मे १८८२ रोजी चिनी मजुरांच्या प्रवेशावर दहा वर्षांची बंदी आली. तिने क्षोभ शमला नाही. २ सप्टेंबर १८८५ रोजी वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी मजुरांची हत्या केली. हल्लेखोरांतही यूरोपातून आलेले अनेकजण होते. कोणावरही आरोपपत्र दाखल झाले नाही. नोव्हेंबरमध्ये टकोमा शहरातून सर्व चिनी रहिवाशांना हाकलण्यात आले. तेथील पुढाऱ्यांनाही शिक्षा झाली नाही. गोऱ्या जमावाची हिंसा ‘कष्टकऱ्यांचा संताप’ म्हणून क्षम्य मानली जात होती.

चिनी लोकांचा प्रतिकार : मताधिकार नसल्याने चिनी लोकांनी न्यायालयाचा आश्रय घेतला. सॅन फ्रॅन्सिस्कोत धुलाई-परवान्यासाठी अर्ज केलेल्या सु. २०० चिनी दुकानदारांना नकार मिळाला व इतर सु. ८० जणांना परवानगी मिळाली. १८८६ च्या यिक वो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, शब्दांत निःपक्षपाती असलेला कायदा पक्षपाताने राबविणे हाही चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग होय, असा निर्णय दिला. १८९८ च्या वाँग किम आर्क खटल्याने, अमेरिकेत जन्मलेल्या चिनी व्यक्तीस जन्मसिद्ध नागरिकत्व असल्याचे प्रस्थापित केले. १८९२ च्या गिअरी कायद्याने चिनी मजुरांना निवासाचा दाखला सक्तीचा केला, तेव्हा ‘सहा कंपन्या’ या त्यांच्या संस्थेने दाखला न घेण्याचे आवाहन केले व बहुसंख्यांनी ते पाळले. हा शांततापूर्ण कायदेभंग मात्र अनेकांकडून उद्दामपणाचा मानला गेला. १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला.

परिणाम व मूल्यमापन : एका गटास वगळण्याची ही पद्धत पुढे इतर आशियाई लोकांवरही वापरली गेली. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथून लाकूड-गिरण्यांतील भारतीय, बहुतांशी पंजाबी, कामगारांना जमावाने पिटाळून लावले. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून होणारे स्थलांतर थांबविले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वास अपात्र ठरविले; त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांनी स्वतःचे नागरिकत्व रद्द करण्याचा सरकारी प्रयत्न मात्र पुढे न्यायालयात यशस्वीपणे परतविला. दुसऱ्या महायुद्धात चीन मित्रराष्ट्र झाल्यावर १९४३ मध्ये प्रवेशबंदी उठली; पण वार्षिक प्रवेश १०५ इतकाच ठरविण्यात आला. मूळ देशावर आधारलेली वाटपपद्धती १९६५ च्या कायद्याने संपली. २०११ मध्ये सेनेटने व २०१२ मध्ये प्रतिनिधिगृहाने या कायद्यांबद्दल ठरावाद्वारे खेद व्यक्त केला.

मजुरी घसरण्यास चिनी मजूर कारणीभूत नव्हते. त्यांच्या असहाय स्थितीचा लाभ घेणारी मालकवर्गाची नीती कारणीभूत होती. ती स्थिती कायद्यानेच निर्माण केली होती आणि चळवळीने ती अधिक बिकट केली. कामगारांच्या न्याय्य मागणीस वंशाची सीमा घातल्यामुळे त्या मागणीचेच बळ घटले, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.