पेट्रोलपंप, वेगवान गाडी आणि पाइप धरणारा हात

आमच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोते हसले, ते आम्ही पाहिले. स्पोर्ट्‌स कारमध्ये पेट्रोल भरणे अवघड जाते, ही काय कामगार-चळवळीतल्या माणसाने सांगण्याची गोष्ट आहे? ज्याच्या दारात तसली गाडी उभी असेल, त्याचे रडगाणे त्याने गावे. प्रश्न रास्त आहे, आणि पाचेक वर्षांपूर्वी आम्हीही तो विचारला असता. पण पंपावर अडचण गाडीची होत असली, तरी ती सोसणारा इसम गाडीत बसलेला नसतो, तो पाइप हातात धरून उभा असतो. त्याच्या बाजूने पाहू लागलो, की हा विषय हसण्यावारी नेता येत नाही.

प्रथम अडचण काय आहे ते सांगतो. आमच्या पुण्यातला पंप हा स्कूटरसाठी घडलेला पंप आहे. आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजच्या स्कूटरी निघू लागल्या, १९७२ साली चेतक आली, आणि सायकलींचे हे शहर हळूहळू स्कूटरींचे झाले. ‘रिझर्व्हला लागली’ म्हणत माणूस यायचा, सीट उचलायची, झाकण फिरवायचे, पेट्रोल घालायचे. ही इंजिने टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलात तेलही घालावे लागे. लिटरला वीस मिलिलिटर. तो हिशेब पंपावरचा पोरगा तोंडी करी. मागे दहा गाड्या खोळंबलेल्या, आणि सुटे पैसे कोणापाशीच नाहीत. त्या गर्दीतून हाताला जे वळण लागले तेच अजून आहे. झटपट उघडा, झटपट भरा, ‘झिरो बघा’ म्हणा, पुढचा या.

अशा ठिकाणी एखादी बुटकी, रुंद, जमिनीला चिकटून चालणारी गाडी येते. पंपाच्या तोंडाशी पाणी वाहून जाण्याची जाळी असते, तिच्या उंचवट्यावर गाडीचे नाक घासते. म्हणून ती तिरपी आत शिरते आणि दोन रांगा अडवते. मग टाकीचे तोंड शोधा. पोर्शे ९११ या गाडीचे इंजिन मागे आणि टाकी पुढे. भरण्याचे तोंड उजव्या अंगाला, पुढच्या चाकाच्या वर. नवखा पोरगा सवयीने मागे जातो आणि इंजिनापाशी उभा राहतो. झाकणाला किल्ली नसते. ते दाबले की उघडते, पण दारांचे कुलूप निघालेले असेल तरच. आणि तोंड सापडले तरी काम संपत नाही. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असते. पेट्रोल वाहत असताना त्यातून हवा ओढली जाते. टाकी भरून भोक बुडाले, की हवा तुटते आणि आतला पडदा खटका पाडतो. गळा अरुंद आणि तिरका असला, तर टाकी रिकामी असतानाच फेस उसळून भोक झाकतो, आणि खटका पुनःपुन्हा पडतो. अशा वेळी नोझल थोडी मागे घेऊन, धार बारीक करून, सावकाश भरावे लागते. मालक घड्याळ पाहतो, मागचे भोंगे वाजवतात, दोघेजण मोबाइलवर गाडीचे चित्र घेत असतात.

पण याहून मोठी अडचण इंधनाची आहे, आणि तिचा इतिहास आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते. जितकी अधिक दाबाल तितकी ताकद अधिक. मात्र एका मर्यादेपुढे ते मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी आपोआप पेट घेते आणि इंजिनात हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. हा ठोका सहन करण्याची पेट्रोलची कुवत ज्या अंकाने मोजतात, तो ऑक्टेन. वेगाच्या गाडीला तो अंक चढा लागतो.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिज्ली या संशोधकाने १९२१ च्या डिसेंबरात या ठोक्यावर उतारा शोधला. टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक द्रवरूप संयुग. १९२३ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या शिसे घातलेल्या पेट्रोलवर धावल्या. जाहिरातीला याहून अधिक काय हवे? पण पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, न्यू जर्सी राज्यातल्या बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे कामगार भ्रमिष्ट झाले. पाच मेले, तीसहून अधिक आजारी पडले. त्याच राज्यात डीपवॉटर येथे ड्यूपाँट कंपनीचा असाच कारखाना होता. तेथल्या कामगारांना नसलेले किडे अंगावर दिसत आणि ते हाताने झटकीत. म्हणून त्या इमारतीला कामगारांनीच ‘फुलपाखरांचे घर’ हे नाव दिले होते. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते.

त्यानंतर मिज्लीने वार्ताहरांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले. वस्तुतः त्याआधी त्याला स्वतःलाच शिशाची बाधा होऊन विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले होते. डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन यांनी कामगारांच्या आणि रस्त्यावरच्या लोकांच्या वतीने विरोध केला. १९२५ मध्ये विक्री थांबली, समिती बसली, १९२६ मध्ये समितीने मनाईला पुरेसे कारण नाही असे सांगितले, आणि शिसे पुन्हा सुरू झाले. आपल्याकडे ते चार महानगरांतल्या नव्या गाड्यांपुरते १९९५ मध्ये हटू लागले आणि साऱ्या देशातून १ फेब्रुवारी २००० ला गेले. तोवर पुण्यातल्या पंपावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या नाकातोंडात ते जातच होते. शर्यत जिंकणाऱ्याचे नाव पुस्तकात सापडते, याचे सापडत नाही.

एक चमत्कारिक योग सांगतो. त्याच न्यू जर्सीमध्ये १९४९ पासून कायदा आहे, की गिऱ्हाइकाने आपल्या हाताने पेट्रोल भरायचे नाही. अमेरिकेत इतरत्र मोटारवाला स्वतः उतरून नोझल धरतो. तेथे अजूनही नोकर धरतो. कायद्यामागे कामगारप्रेम किती आणि व्यापाऱ्यांची चढाओढ किती, यावर वाद आहे. आपल्याकडे असा कायदा न करताच हे काम नोकर करतो, कारण त्याचा हात स्वस्त पडतो.

शिसे गेले, तरी चढ्या ऑक्टेनची गरज राहिली. पूर्वी मोठ्या शहरांत सत्त्याऐंशी आणि त्र्याण्णव असे दोन अंक मिळत. मग एक्याण्णव सर्वसाधारण झाला. पुष्कळ परदेशी वेगवान गाड्यांना पंचाण्णव किंवा त्याहून वर हवे. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने शंभर ऑक्टेनचे पेट्रोल प्रथम दहा शहरांत आणले, त्यांत पुणे होते. भाव लिटरला दीडशेच्या वर, आणि मिळण्याचे पंप मोजके. पाठोपाठ इथेनॉल आले, म्हणजे आमच्याच उसाचा पदार्थ. २०२२ मध्ये पेट्रोलात त्याचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले, २०२५ मध्ये वीसवर. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे खरे. परंतु ते पाणी ओढते; पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपले, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. गाडी बंद पडली, की गिऱ्हाईक शिव्या टाकी बांधणाऱ्याला देत नाही. समोर जो उभा असेल त्याला देते.

आता आमच्या अनुभवातले. २०२२ च्या पावसाळ्यात पूर्व पुण्यातल्या एका पंपावरचा मराठवाड्यातला मुलगा आमच्या कचेरीत आला. पगार साडेअकरा हजार. वेगवान गाडी आली होती. मालकाने शंभरचे पेट्रोल मागितले, ते तेथे नव्हते, म्हणून ‘असेल ते टाक’ म्हणाला. खटका पडला, फेस उसळला, चार थेंब रंगावर गेले. मालक ओरडला. महिनाअखेर ‘पॉलिशचे पैसे’ म्हणून मुलाच्या पगारातून तीन हजार कापले गेले, आणि पुढील दोन महिने तेवढेच कापणार असे सांगण्यात आले.

खरे सांगायचे तर आम्हांला मोटारवाल्याचाच संताप आला. भाषण मनात तयार होते. नंबर मिळवून आम्ही त्यांना फोन केला, तर ते गृहस्थ गोंधळले. ओरडलो, हे त्यांनी कबूल केले. पण एक पैही मागितली नव्हती, घेतली नव्हती. घरी गेल्यावर ओल्या फडक्याने पुसले, डाग निघाला, विषय संपला. पॉलिश झालेच नव्हते. पैसे पंपाच्या गल्ल्यात राहिले होते. आमचे तयार भाषण तेथेच वाया गेले, आणि तसे ते जावे हेच बरे होते.

त्या वेळी १९३६ चा वेतन प्रदान कायदा लागू होता. कामगाराला आपली बाजू मांडू दिल्यावाचून नुकसानीची कपात करता येत नसे, आणि येथे तर नुकसानच नव्हते. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यावर मात्र आम्हांला भिस्त ठेवता आली नाही. तो दहा किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणांसाठी केलेला, आणि या पंपाच्या हजेरीपटावर आठच नावे होती. प्रत्यक्षात तेथे किती माणसे राबत, हे सांगायला साक्षीदार पुढे येईना. दोन भेटींत तीन हजार परत मिळाले. नोकरी टिकली नाही.

हल्ली तो मुलगा शंभर ऑक्टेन मिळणाऱ्या एका पंपावर आहे. अशी गाडी आली, की तो आधी टाकीच्या तोंडाखाली पिवळे फडके अंथरतो, नोझल दोन बोटे मागे धरतो आणि धार बारीक करतो. मागचे भोंगे वाजू देतो. मग म्हणतो, ‘झिरो बघा, साहेब.’