अन्ननामांची साक्ष : सोलापुरी शेंगाचटणी व मनिला

सोलापूरची शेंगाचटणी ही या प्रांताची जुनी खूण समजली जाते. भुईमुगाचे दाणे, लाल मिरची, लसूण, जिरें व मीठ उखळांत कांडून ती सिद्ध होते. परंतु यांतील दाणे व मिरची हीं दोन्ही मुख्य द्रव्यें मूळचीं अमेरिका खंडांतील असून, इ. स. १४९२ पूर्वीं तीं या देशास अज्ञात होतीं. सोलापुराहून फारशा दूर नसलेल्या कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानें १२ व्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'त अन्नभोगाचें सविस्तर वर्णन आहे. तेथील तिखटपणा मरिचाचा, म्हणजे मिऱ्याचा आहे.

अशीं द्रव्यें कोणत्या मार्गानें आलीं, याची साक्ष त्यांचीं नांवें देतात. पोर्तुगीजांनीं इ. स. १५१० त गोवें घेतलें. बटाटा, अननस, काजू हे मूळचे अमेरिकेंतील रहिवाशांचे शब्द त्यांच्याच मुखानें आपणांकडे आले. फिलिपाइन्स बेटांत तोच व्यवहार स्पॅनिश लोकांनीं केला. इ. स. १५६५ पासून १८१५ पर्यंत मेक्सिकोंतील आकापुल्को व मनिला यांमध्यें त्यांचीं जहाजें जात-येत असत. त्यामुळें तेथील तागालोग भाषेंत रताळ्यास 'कामोते' व मिरचीस 'सिली' हीं मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेंतून निघालेलीं नांवें रूढ झालीं. उलट साखरेस तेथें 'आसुकाल' म्हणतात. हा आपला 'शर्करा' शब्दच फारशी, अरबी व स्पॅनिश अशा मुखांतून फिरून तेथें पोंचला. संस्कृताचा त्या बेटांशीं संबंध मात्र याहून पुष्कळ जुना आहे. इ. स. १९८९ त लागुना प्रांतांत उजेडांत आलेल्या ताम्रपटावर शके ८२२ ही मिति असून, त्याच्या जुन्या मलय भाषेंत संस्कृत शब्द मिसळलेले आहेत.

आतां भुईमुगाकडे वळूं. तामिळनाडूच्या कांहीं भागांत त्यास 'मनिलाकोट्टै', म्हणजे मनिलाचें बीं, म्हणतात. यावरून तेथील लोक या बियाण्याचा संबंध मनिलाशीं जोडीत, एवढेंच निष्पन्न होतें. मनिला हें त्याचें जन्मस्थान ठरत नाहीं, कारण तें दक्षिण अमेरिकेंत आहे. नांव हें वाटेवरील बंदर सांगतें, मूळ गांव सांगेलच असें नाहीं.

मराठींत याहून निराळा प्रकार घडला. येथें परक्या वस्तूस घरचेंच नांव मिळालें : मरिचावरून मिरची, मुगावरून भुईमूग. परका शब्द आपलें परकेपण लपवीत नाहीं. घरचा शब्द मात्र वाचकास फसवितो. जुन्या पाकग्रंथांतील 'मिरें' यास मिरची समजल्यास एक तर ग्रंथ उगाच अलीकडचा ठरतो, किंवा मिरची उगाच प्राचीन ठरते. उलटपक्षीं, बाडांत मिरचीचा निःसंशय उल्लेख असेल तर निदान तें कलम १६ व्या शतकापूर्वींचें नव्हे. 'कलम' म्हणण्याचें कारण, नकलकारानें आपल्या काळची रीत मध्येंच घातली असणें अशक्य नाहीं.

तंजावरच्या सरस्वती महालांत 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथ जतन झाला, म्हणूनच तेथील भोसल्यांच्या मुदपाकखान्याचा विचार आज करतां येतो. दानपत्रें व वंशावळी जपतांना मुदपाकाच्या याद्या रद्दींत जातात. संग्राहकांनीं त्या राखाव्या, आणि द्रव्यांचीं नांवें लिहिलीं असतील तशींच, एक मात्राही न सुधारतां, उतरून घ्यावीं. 'मिरें' आणि 'मिरची' यांमधील एका अक्षराच्या फरकांत कित्येक शतकांचें अंतर असूं शकतें.