कॉर्नेलिया सोराबजी यांची सन १९०२ ची सूचना

पहिली स्त्री-पदवीधर कोण, पहिली स्त्री-डॉक्टर कोण, याची नोंद आपल्याकडील इतिहासलेखनांत पुष्कळ झाली आहे. परंतु शिकलेली स्त्री आपल्या व्यवसायांतील चालू पद्धतीचे दोष दाखवून सुधारणा सुचविण्यास कोणत्या बळावर पुढें आली, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. त्याचा विचार करण्यास कॉर्नेलिया सोराबजी यांचें उदाहरण उपयोगी पडण्यासारखें असल्यामुळें तें येथें मांडीत आहों.

बाईंचा जन्म ता. १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं नाशिक येथें झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजांतून ख्रिस्ती झालेले. मातुःश्री फ्रान्सिना यांनीं पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल चालविलें. डेक्कन कॉलेजांत शिकून बाई पदवीपरीक्षेंत अग्रभागीं आल्या. परंतु त्या यशास अनुसरून विलायतेस जाण्याची जी सरकारी शिष्यवृत्ति मिळावयाची, ती उमेदवार स्त्री आहे एवढ्याच कारणानें नाकारण्यांत आली. कांहीं काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत अध्यापन करून, विलायतेंतील हितचिंतकांनीं जमविलेल्या निधीवर, त्या १८८९ सालीं ऑक्सफर्डच्या सॉमर्व्हिल संस्थेंत दाखल झाल्या. १८९२ सालीं विशेष परवानगीनें त्यांनीं बी. सी. एल्. ची परीक्षा दिली. पदवी मात्र १९२२ सालीं हातीं पडली. पुढें १८९७ सालीं मुंबईची एल्एल्. बी. व १८९९ सालीं अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा त्या उतरल्या, तरी सनद मिळेना.

या मधल्या काळांत काठेवाड व इंदूर येथील एजंटांपुढें पडदानशीन स्त्रियांच्या वतीनें अर्ज करण्याची विशेष परवानगी त्यांस मिळाली होती. तेथें जें दिसलें त्यांतच पुढील सूचनेचें मूळ आहे. पडद्यांतील स्त्रीनें परपुरुषाचें तोंड पाहावयाचें नाहीं. मग कारभारी किंवा भाऊबंद कागद आंत पाठवी, त्यावर सही किंवा अंगठा होऊन तो बाहेर येई, आणि गांवेंच्या गांवें हातचीं जात. कायदा अशा स्त्रियांस प्रतिकूल नव्हता. पडदानशीन स्त्रीनें करून दिलेल्या दस्तऐवजावर जो हक्क सांगेल, त्यानेंच तिला तो समजला होता हें शाबीत करावें, असा न्यायालयांचा दंडक होता. परंतु हा दंडक तंटा कोर्टांत गेल्यावर उपयोगाचा; आणि कोर्टांत जावयाचें तें बहुधा त्याच कारभाऱ्याच्या हातून!

बंगाल्यांत सन १८७९ च्या कायद्यान्वयें अज्ञान वारस व कारभारास असमर्थ ठरलेल्या स्त्रिया यांच्या जमिनदाऱ्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यांत येत. तेथील अधिकारीहि पुरुषच. पडद्याआडून येणारा आवाज मालकिणीचा कीं तिला पढविणाराचा, हें त्यांनीं कसें ओळखावें? १९०२ सालीं बाईंनीं लंडन येथील इंडिया ऑफिसकडे सूचना केली कीं, अशा स्त्रिया व अज्ञान मुलें यांच्याकरितां प्रांतिक सरकारांनीं कायदा जाणणारी स्त्री सल्लागार नेमावी. १९०४ सालीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सनें त्यांसच स्त्री-सहाय्यक म्हणून नेमलें. १९०७ पर्यंत त्यांचें कार्यक्षेत्र बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढें विस्तारलें. आणि सुमारें वीस वर्षांत सहाशेंहून अधिक स्त्रिया व मुलें यांस त्यांचें साहाय्य झालें.

येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, सनदेचा अर्ज फेटाळला गेला आणि ही सूचना मान्य झाली. पहिल्या अर्जांत मागणाराचें काम होतें. दुसऱ्यांत सरकारचेंच काम अडलेलें होतें. जें स्त्रीत्व पूर्वीं अपात्रतेचें कारण ठरलें, तेंच या जागेस आवश्यक गुण ठरलें. सूचना करण्याचें धैर्य बाईंस केवळ परीक्षांनीं आलें नाहीं. आंत जाऊन काम पाहिलेलें त्यांच्याजवळ होतें, आणि तें कोणाहि अधिकाऱ्याजवळ नव्हतें.

यावर असा आक्षेप संभवतो कीं, बाई ब्रिटिश राज्याच्या अभिमानी व राष्ट्रीय चळवळीच्या विरोधक होत्या, म्हणून त्यांचें ऐकलें गेलें. त्यांचीं राजकीय मतें तशीं होतीं हें खरें, व त्यामुळें वरिष्ठांचे दरवाजे उघडण्यास मदत झाली असेल. परंतु तेवढ्यानेंच काम होतें, तर शिष्यवृत्ति व सनद त्याच राजवटीनें कां नाकारावी?

या यशाची मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. जागा मिळाली ती पडद्यामुळें. हक्क म्हणून नव्हे. त्यामुळें इतर स्त्रियांस वाट मोकळी झाली नाहीं. १९१६ सालीं कलकत्त्यास रेजिना गुहा व १९२१ सालीं पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांस वकिलीची सनद नाकारण्यांत आली. त्याच १९२१ सालीं अलाहाबाद हायकोर्टानें बाईंस सनद दिली. आणि स्त्रीत्वामुळें येणारी अपात्रता सर्वांकरितां दूर झाली ती १९२३ च्या कायद्यानें. बाईंनीं त्यानंतर कलकत्त्यास वकिली केली, १९२९ सालीं निवृत्ति घेतली, व १९५४ सालीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें.

असो. गुहा व हाजरा यांनीं हक्क मागितला व त्या हरल्या. सोराबजी यांनीं उणीव दाखविली व त्या जिंकल्या. तथापि दोन्ही प्रयत्न एकमेकांस पूरक होत. स्त्री हें काम करूं शकते हें बंगाल्यांतील वीस वर्षांनीं दाखविलें. आणि तें करण्यास तिला कोणाच्या मेहेरबानीची गरज पडूं नये, हा प्रश्न त्या हरलेल्या अर्जांनीं जिवंत ठेविला.